अडीच सूत

बाबांना लकवा आला तेव्हा ते त्यांच्या क्यूवरच पडले. पूल खेळायची ही काठी दोन तुकड्यांची असते. मागच्या तुकड्याच्या टोकाला आट्यांची पिन, तिच्यावर पुढचा शाफ्ट फिरवून बसवायचा. आमचा शाफ्ट चिरला होता.

रायपूर राजधानी झाल्यावर पंडरीला पूल पार्लर निघालं, तेव्हापासून उरल्याच्या रोलिंग मिलमधली ड्यूटी संपली की बाबा तिथे जात. आता फिजिओथेरपीवाल्या दीदी म्हणाल्या, यांना आवडतं ते हातात द्या. व्यायामासाठी दिलेल्या स्पंजच्या चेंडूला बाबा हात लावत नव्हते. म्हणून नवीन शाफ्ट हवा होता.

ऑनलाइन विकणाऱ्याने आधी पिनची जाडी आणि एका इंचात किती आटे, ते विचारलं. त्याच जाडीच्या पिना चौदा आट्यांच्याही असतात आणि अठराच्याही.

बाबांनी डाव्या अंगठ्याने पिन चाचपली. "अडीच सूत," ते म्हणाले; मिलच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांचे शब्द तेव्हा ओले, जड यायचे. "कागद गुंडाळ. वरून पेन्सिल घास. इंचभर मोज."

मी घासलं. अठरा रेघा आल्या. दोनदा मोजल्या.

तेवढ्यावर ऑर्डर देता आली असती आणि मी दिलीही. पण आजारी माणसाचा अंगठा आणि माझी पेन्सिल, यावर माझा भरवसा बसेना. शाफ्ट यायच्या आधी मी क्यू घेऊन उरल्याला, बाबांच्या ओळखीच्या, लेथ चालवणाऱ्या खरादवाल्याकडे गेले.

त्याने पिनेला मापाचा व्हर्नियर लावला. "आठ एमएम है, दीदी. चूड़ी थोड़ी घिस गई है. डाई मार देता हूँ, मक्खन चलेगी."

मिलमध्ये जुन्या बोल्टचे झिजलेले आटे अशीच डाय, म्हणजे आटे पाडायचा साचा, फिरवून साफ करतात. अठरा रेघांचा कागद माझ्या पर्समध्ये होता. दुकानात चार माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "जी."

त्याने डाय मारली, पैसेही घेतले नाहीत. साहेबांना नमस्कार सांगा म्हणाला.

शाफ्ट आला. बाबा पलंगावर टेकून बसले, क्यू मांड्यांत धरला आणि डाव्या हाताने शाफ्ट फिरवू लागले. दोन फेरे गेला. मग अडकला, वाकडा. त्यांनी तो काढला आणि पिन उजेडाकडे धरली.

"डाय कोणं मारली?"

मी सांगितलं.

"अडीच सुतावर आठची डाय? जाडी सारखी दिसते, पण आटे येगळे. तुले तर मालूम होतं."

"हाँ."

"मंग काहून नाही सांगतलं त्याले?"

आईने आतून विचारलं, बसला का?

बाबा म्हणाले, "पिन बदलता येते. नवी बसवून देईन तो. पण जाऊन सांगा लागते, का तुनं चुकीची मारली."

मी मान हलवली. आमच्या चौबे कॉलोनीतून उरल्याला जायला ऑटोने फार वेळ लागत नाही. मी कॉलेजला जात होते, घरी येत होते, जेवत होते. शाफ्ट परत करायची मुदत दहा दिवसांची होती. अकराव्या दिवशी वेबसाइटवरच्या ऑर्डरच्या पानावरचं परत करायचं बटण दिसेनासं झालं.

बाबांनी पुन्हा विचारलं नाही. त्या आठवड्यात दीदी आल्या तेव्हा बाबांनी स्वतःच हात पुढे केला आणि तो स्पंजचा चेंडू मागितला.