गोदूचं पुस्तक

विजयश्री अहमदपूर तालुक्यातली. शाळेत परिपाठाला बातम्या वाचायला गुरुजी तिलाच उभं करायचे, कारण तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं, नवऱ्याला भोसरीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी होती, आणि ती रहाटणीला आली ती कायमची. पुढे मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने चाकणच्या एका कंपनीत काम धरलं. गाड्यांमध्ये ज्या वायरी असतात त्यांचे जुडगे बांधायचे, वर टेप गुंडाळायची. दिवसभर उभं राहून बोटं चालवायची. आवाजाचं तिथे काही काम नव्हतं.

कंपनीची बस पावणेआठला रहाटणीच्या चौकात यायची. त्यात सगळ्या बायकाच. ड्रायव्हर पिंटू ढोल-डीजेची गाणी लावायचा आणि तास-दीड तास बस त्या तालावर हलत राहायची. विजयश्री पिशवीत पुस्तक ठेवायची. भोसरीत रद्दीच्या दुकानात तिला एक जुनी कादंबरी मिळाली होती. पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे नाव कळायला मार्ग नाही, लिहिणारीचंही नाही. कुणीतरी बाई आहे एवढं मात्र तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. चुलीवरची भाकरी कधी उलटायची हे त्यात इतकं बरोबर लिहिलं होतं.

एका सकाळी मोशीच्या पुढे ट्रक आडवा झाला आणि बस जागेवर थिजली. पिंटू खाली उतरला, गाणी बंद पडली. विजयश्रीच्या शेजारी सुमनताई बसायच्या. पॅकिंगमधल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या मावळातल्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, त्यात आता डोळ्यांपुढे बारीक अक्षर ठरत नव्हतं.

"एकटीच काय हसतीस गं?" त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यांदा वाच की. आमाला काय कान न्हाईत?"

विजयश्रीने वाचायला सुरुवात केली. गोदू नावाची बाई, तिचा खट्याळ दीर, नदीपलीकडचा बाजार. ट्रक हलला तेव्हा मागच्या सीटवरच्या दोघीतिघी पुढे येऊन दांडीला धरून उभ्या होत्या. पिंटूने बस सुरू करून गाणं लावलं, तशी दिपाली नावाची तरणी पोरगी ओरडली, "पिंटूभाऊ, बंद करा ते! गोदू बाजारात अडकलीय!"

त्या दिवसापासून वाटणी ठरली. जाताना पुस्तक, येताना पिंटूची गाणी. पुस्तकाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते गोदूचं पुस्तक झालं. जेवणाच्या सुट्टीत भांडणं व्हायची ती गोदूवरून. सासूला तिने उलट बोलायला हवं होतं की नको? दिपालीने तर आपल्या होणाऱ्या नवऱ्याला फोनवर सांगितलं, गोदूच्या नवऱ्यासारखं गप्प बसायचं असेल तर आत्ताच सांग.

रविवारी घरची कामं आटोपली की विजयश्री पुढच्या आठवड्याची पानं चाळून ठेवायची, म्हणजे वाचताना अडखळायला नको. अशाच एका रविवारी तिने पान उलटलं आणि तिचा हात थांबला. गोदूचा एकुलता मुलगा शंकर नदीच्या पुरात वाहून गेला होता.

सुमनताईंचा मुलगा जयदीप तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला, कुरुळीजवळ. बस रोज त्याच जागेवरून जायची. सुमनताई त्याचं नाव कधी काढायच्या नाहीत, आणि म्हणून बसमध्ये दुसरंही कुणी काढायचं नाही.

सोमवारी विजयश्रीने पुस्तक उघडलं, नजर पानावर ठेवली आणि शंकरला सुरतेला कामाला पाठवून दिलं.

थाप सुरुवातीला सोपी गेली. मग अवघड होत गेली, कारण पुस्तकातली गोदू काही केल्या ऐकेना. ती बोलायची बंद झाली, तिने देवळात जाणं सोडलं, रोज संध्याकाळी एक ताट जास्तीचं वाढू लागली. विजयश्री वाक्यं गाळत होती, जोडत होती. दिपाली एकदा म्हणालीच, "या चार दिवसांत लिहिणारीचा हात काही बसला नाही बघ."

सुमनताई खिडकीबाहेर बघत होत्या.

शुक्रवारी कँटीनमध्ये त्या ताट घेऊन विजयश्रीच्या समोर येऊन बसल्या. भात कालवता कालवता म्हणाल्या, "लेक सुरतेला गेला म्हून आई देवाशी अबोला धरती व्हय?"

विजयश्रीने हातातला घास परत ताटात ठेवला.

"मेला ना त्यो?"

विजयश्रीने मानेनेच हो म्हटलं. "ताई, मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते कळलं मला." सुमनताईंचा आवाज चढला नव्हता. "तीन वरसं समदी अशीच करत्यात. घरात टीव्हीवर कुनी मेलं की थोरली सून चॅनेल बदलती. जसं काय मला ठावंच न्हाई मानूस मरतं ते. उद्या वाच. जसं हाय तसं. आन् माझ्याकडं बघू नगंस वाचताना."

शनिवारी विजयश्रीने बायकांना सांगितलं, शंकर सुरतेला गेलेला नाही, ते मी माझ्या मनाचं वाचलं, आता खरं ऐका. कुणी का म्हणून विचारलं नाही. बस भोसरीतून निघाली तेव्हा तिने पूर आणला. मोशीचा पूल आला तेव्हा शंकरची पैरण सापडली. कुरुळी आली तेव्हा गोदू जास्तीचं ताट वाढत होती, आणि तेराव्या दिवशी तिने ते वाढणं थांबवलं. सुमनताईंनी सांगितल्याप्रमाणे विजयश्रीने शेजारी पाहिलं नाही.

"न्हाई," सुमनताई एकदम म्हणाल्या. "हे चुकलं बाईचं. बाकी समदं बराबर लिव्हलंय, पन ताट तेराव्याला थांबत न्हाई. मी वरीसभर जयदीपच्या दोन चपात्या जास्तीच्या लाटत व्हते. आन् त्याला तूप लागायचं. तूप लावून ठेवायची."

मग दिपालीने हळूच विचारलं, "गूळ पण लागायचा का, ताई?"

"गूळ? त्याला गोड चालायचं न्हाई. ठेचा!" सुमनताई हसल्या, आणि डोळे पुसत पुसत सांगू लागल्या. तो केस कसे वाढवायचा, पिंटूच्या गाण्यांतली दोन त्याला कशी पाठ होती, पहिल्या पगारात आईला सँडल आणली ती कशी एक नंबरने लहान निघाली. चाकण येईपर्यंत त्या सांगतच होत्या. पुस्तक मांडीवर मिटून पडलं होतं आणि विजयश्रीला त्याचं काही वाटलं नाही.

कादंबरी दिवाळीनंतर संपली. शेवटच्या पानावर गोदू म्हातारी होऊन नदीपलीकडे दुकान टाकते. बायकांनी त्या दुकानात काय काय विकायला ठेवावं यावर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी दिपालीने पिंपरीतून आणलेलं एक नवंकोरं पुस्तक विजयश्रीच्या हातात दिलं.

सुमनताईंनी त्याचं वजन हातात घेऊन पाहिलं. "ह्यात कोन मरतंय का गं?"

"माहीत नाही, ताई. मी अजून उघडलंच नाही."

"बरं झालं. आदी वाचूबी नगंस," सुमनताई म्हणाल्या आणि तिला उजेड मिळावा म्हणून खिडकीचा पडदा सारून दिला.