चाकं टेकवून घेतलेलं माप

परतमोजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता फक्त सहीपुरतं उरलंय. दुसऱ्याने घेतलेलं माप परत मोजल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नाही, म्हणून लोकांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. शिंप्याने घेतलेलं कंबरेचं मापसुद्धा त्यांनी त्याच्याच टेपने परत मोजलं होतं. शिंपी अजून ते चारचौघांत सांगतो.

चाळीस वर्षं त्यांनी गॅरेज चालवलं. मुलगा विमा कंपनीत गेला. त्याला बॉनेट कुठून उघडतं तेही सांगावं लागतं, पण उंटावरून शेळ्या हाकायला पहिला! सून मात्र वेगळीच निघाली. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात बाह्या सरसावून क्लच उतरवायला बसली, ती आजतागायत तिथेच आहे.

परतमोज्यांचे गुडघे गेले तेव्हा मुलगा म्हणाला, “विकून टाका. शेजारचा टायरवाला जागा मागतोय.” सून म्हणाली, “मी चालवते.” दोघांच्या मध्ये सापडले बिचारे. शेवटी म्हणाले, “नर्सबाईंची गाडी तू एकटीने कर. जमली तर गॅरेज तुझं. नाही जमली तर शनिवारी मी टायरवाल्याला हो म्हणणार.”

नर्सबाई गावोगाव फिरून घरी पडून असलेल्या आजाऱ्यांना ऑक्सिजन पोचवायच्या. त्यांची जुनी लांबलचक गाडी चढावर धापा टाकायची, म्हणून सुनेने तिच्यात मोठं इंजिन आणि नवा गिअरबॉक्स बसवला. काम झकास झालं. पण गिअरबॉक्स बदलला की तिथून मागच्या चाकांच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडतो. गिअरबॉक्सची शेपूट जितकी खाली झुकलेली, तितकंच ॲक्सलचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडला जातो ते टोक, वर हवं. नसेल तर शाफ्ट फिरताना झटके देतो आणि अख्खी गाडी थरथरते. नाक वर-खाली करायचं तर ॲक्सल आणि स्प्रिंगच्या मध्ये लोखंडी पाचर घालायची.

आता बघा, ‘एकटीने कर’ म्हणाले, आणि कोन मोजायची वेळ आली तेव्हा स्वतःच पुढे सरसावले! जित्याची खोड, दुसरं काय. गाडी लिफ्टवर होतीच. त्यांनी चुंबकाचं कोनमापक लावलं, एकदा नाही, सात वेळा मोजलं आणि आकडा सुनेच्या हातात दिला. तिने त्या आकड्याची पाचर घातली.

गाडी साठच्या वर गेली की आत बसणाऱ्याचे दात वाजायचे. सुनेने चाकं बदलून पाहिली, इंजिनखालची रबरं बदलली, शाफ्ट बॅलन्स करून आणला. थरथर जशीच्या तशी. शनिवार उजाडला. मुलगा टायरवाल्याला घेऊन आला आणि सुनेकडे न बघता म्हणाला, “प्रयत्न केलास ना, झालं तर मग.” ती हात पुसत राहिली.

गाडी न्यायला आलेल्या नर्सबाई हिरमुसून म्हणाल्या, “रिकामी असताना तरी जरा बरी चालते हो. आठ सिलिंडर भरले की बसवत नाही. इथे आणताना मी उतरवूनच आणते, उगाच तुम्हाला वजन नको म्हणून.”

स्टुलावर बसलेल्या परतमोज्यांना एकदम आपलं माप आठवलं. लिफ्ट गुडघ्यांसाठी घेतली होती. त्याआधी आयुष्यभर ते खड्ड्यात उतरून मोजायचे, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. लिफ्टवर चाकं लोंबकळतात, स्प्रिंग सुटी पडते, आणि ॲक्सल भलत्याच कोनात जातो. सात वेळा मोजलं खरं, पण सातही वेळा हवेत! काखेत कळसा आणि गावाला वळसा!

गप्प बसले असते तरी कुणाला कळलं नसतं. आणि खरं सांगायचं तर घटकाभर बसलेही. लाज वाटली त्यांना. मग उठून सर्वांसमोर म्हणाले, “चूक माझी आहे. माप माझं खोटं आहे. हिचं काम चोख आहे.”

सुनेने मान खाली घातली. तिला नवल वाटलेलं दिसेना.

“तुला ठाऊक होतं?”

“परवा लक्षात आलं, बाबा.”

“मग तोंडात काय गूळ धरला होतास?”

“तुमच्या मापाला खोटं पाडून मला गॅरेज नको होतं.”

“वेडी कुठली!” परतमोजे ओरडले. “माझं माप बुडालं तर बुडू दे, सोबत गॅरेजही बुडवणार होतीस? आण ते सिलिंडर!”

खड्ड्यावरच्या फळ्या निघाल्या. गाडी चाकांवर उभी राहिली, नर्सबाईंच्या घरून आणलेले आठही सिलिंडर चढले, ड्रायव्हरच्या जागी नर्सबाई बसल्या. सून खाली उतरली. “शेपूट तीन अंश खाली,” तिचा आवाज आला. “नाक पाच वर.” म्हणजे पाचर दोन अंशांनी जास्त. परतमोज्यांचे पाय शिवशिवले. त्यांनी एक पाय पायरीवर टाकलासुद्धा, आणि मागे घेतला. “तू म्हणतेस ना पाच? मग पाच,” म्हणाले. मुलगा बघतच राहिला.

दुपारी पातळ पाचर बसली. सून चालवायला, परतमोजे शेजारी, नर्सबाई मागे सिलिंडरना धरून. साठ झाले. सत्तर. परतमोज्यांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. ऐंशी, आणि दांडा गप्प.

“अगं बाई!” मागून नर्सबाई म्हणाल्या. “बंद पडली की काय?”

सगळे हसले. तेवढ्यात परतमोज्यांचा फोन वाजला. मुलगा होता. “बाबा, टायरवाला अजून थांबलाय. काय सांगू?”

“मला काय विचारतोस? गॅरेज हिचं आहे, हिला विचार.” आणि त्यांनी फोन तिच्यासमोर धरला.

तिने गाडी हळू करत कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. परतमोजे खिडकीबाहेर बघत बसले, आपले डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.

“विकायचं नाही म्हणावं,” ती शेवटी म्हणाली.