बाई आणि माझं चौथं प्रकरण

पुस्तक हातात आलं की आमच्या वाचनालयातल्या बाई ते मागून उघडायच्या. मुखपृष्ठ नाही, प्रस्तावना नाही, थेट शेवटची संदर्भांची पानं. चष्मा कपाळावर ढकलून बोट ओळीओळीनं खाली न्यायच्या आणि विचारायच्या, "ह्याका कोणी सांगल्यान?" संदर्भसूची नसली तर पुस्तक मिटून टेबलाच्या कडेला. लिहिणारा कितीही मोठा असो, त्या दिवसापुरता तोही कडेला गेला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लांबून फार छान वाटतात. रोज दुपारी त्यांच्यासमोर बसायची पाळी आली की मग कळतं.

माझ्यावर ती पाळी पीएचडीमुळे आली. मी इथल्या कॉलेजात शिकवतो. तेव्हा नोकरी कायम झाली नव्हती आणि पीएचडीशिवाय होणारही नव्हती. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या; तिसरी मिळणार नाही, असं मार्गदर्शकांनी स्वच्छ सांगितलं होतं. माझा विषय रापण. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात गोल फिरवून आणायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. चौथं प्रकरण बायकांचं होतं. त्यात मी ठणकावून लिहिलं होतं की रापणीत बायकांना वाटा नसे. त्या मासळी विकत, दोराला हात लावत नसत. खाली पाच पुस्तकांचे संदर्भ. चांगले पाच!

ते प्रकरण मी बाईंना वाचायला दिलं. कौतुक ऐकायची हौस, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी गेलो तर मधल्या टेबलावर माझी पाचही पुस्तकं उघडी पसरलेली. पेपर वाचायला येणारे दोन पेन्शनर बिचारे बाकड्याच्या टोकाला सरकवलेले. बाई म्हणाल्या, "मास्तर, ही पाच नाय. ह्यां एकच आसा."

आणि खरंच एकच होतं हो. पाचही पुस्तकांत तोच किनारा, तेच उदाहरण आणि पाचही लेखकांनी ते गाव उचलून खाडीच्या पलीकडे नेऊन ठेवलेलं. इथलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. पाचव्यानं चौथ्याचं उतरवलं, चौथ्यानं तिसऱ्याचं, असं करत बाई एका जुन्या सरकारी अहवालापर्यंत जाऊन पोचल्या होत्या. अहवाल लिहिणारा साहेब दोन दिवस बंगल्यावर उतरला होता आणि गावच्या प्रमुखाला विचारून परत गेला होता. त्यानं बिचाऱ्यानं हे तळटिपेत प्रामाणिकपणे लिहिलं होतं. ती तळटीप वाचायचे कष्ट बाईंखेरीज कोणी घेतले नव्हते. मीही नाही.

"तेना गावकाराक इचारल्यान," बाई म्हणाल्या. "बायलमानसांक कोणी इचारल्यान?"

बाईंच्या लेखी जगातल्या माहितीच्या तीनच जाती होत्या. बघलेली, आयकलेली आणि उतरवलेली. विद्यापीठात आम्ही हेच प्राथमिक साधनं, दुय्यम साधनं असं घोकून लिहितो. त्या पेपरात मला पहिला वर्ग होता, हे मी बाईंना कधी सांगितलं नाही. विश्वकोशाबद्दल त्यांचं मत असं की तो वाट दाखवतो, घरापर्यंत सोडत नाही. एकदा मी मोबाइलवर एका रिसॉर्टचं पान दाखवलं, त्यात रापणीची चांगली दोन परिच्छेद माहिती होती. बाईंनी माहितीकडे पाहिलंच नाही. फोटोत काळे गॉगल लावून दोर धरलेल्या पर्यटकांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यांका वाटो गावलो?"

या बाईंशी भांडणार कसं, तुम्हीच सांगा. एरवी मालवणीत बोलायच्या, पण रागावल्या की एकदम शुद्ध मराठीत शिरायच्या, आणि मग समोरच्यानं मुकाट्यानं ऐकून घ्यायचं असा आमच्या गावाचा रिवाज होता.

मुदत संपायला दोन महिने उरले होते. मी चडफडत एसटीनं रापणीच्या गावी, तोंडवलीला गेलो. एका होमस्टेच्या मागच्या पडवीत ऐंशी ओलांडलेली एक आजी भेटली. दोराचा विषय काढला तशी ती माझ्याकडे मी वेडा असल्यासारखी बघायला लागली. "घोव गेल्यार मी दोर धरलंय," ती म्हणाली. "माझो वाटो माझ्याच हातात पडायचो." तिच्यासारख्या अजून तीन-चार विधवा बायका रापणीवर होत्या, असंही तिनं सांगितलं.

मी आनंदानं परतीच्या एसटीत उभा राहून आलो. पाच पुस्तकं खोटी पडली होती आणि ती मी पाडली होती. थेट वाचनालयात शिरून बाईंना सगळं सांगितलं. आता तरी शाबासकी मिळेल की नाही?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटतं, मधे एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "बरा झाला. दुसरी कोण?"

माझं डोकंच फिरलं. दुसरी कशाला? तर म्हणे, एका बाईनं एका रापणीबद्दल सांगितलंय. इतक्या वर्षांनी सांगितलंय. शिवाय मी विचारलं कसं, "वाटा मिळायचा का?" असं की "काय मिळायचं?" असं? पहिल्या तऱ्हेनं विचारलं असेल तर उत्तर मीच तिच्या तोंडात घातलं. आणि इथं बाई शुद्ध मराठीत शिरल्या. "साहेबानं प्रमुखाला विचारलं आणि थांबला. तुम्ही आजीला विचारलंत आणि थांबताय. फरक काय?"

फरक काय! मी घरी जाऊन बायकोला तासभर फरक सांगत बसलो.

पण शोधायला लागलो खरा. रविवार, सुट्ट्या, रजा, सगळं त्यात गेलं. आजीनं सांगितलेल्यांतल्या दोघी वारल्या होत्या. एक मुंबईला लेकाकडे होती, तिला आता माणसं ओळखता येत नव्हती. एक सापडली, तर तिच्या मुलांनी मला अंगणातूनच परत पाठवलं. आमच्या आईनं कधी दोर ओढला नाही, असं त्यांनी बजावलं आणि ती दाराआडून नुसती बघत राहिली. दर सोमवारी मी वाचनालयात शिरलो की बाई मान वर करायच्या. "गावली कोण?" मी नाही म्हणायचो. त्या पुन्हा मान खाली घालायच्या.

शेवटच्या एका सोमवारी माझा तोल गेला. पाच दिवसांत प्रबंध द्यायचा होता, मार्गदर्शक फोनवर ओरडले होते. त्या दिवशी बाईंनी रोजच्यासारखं विचारलं नाही. "दुसरी कोणच नसात तर?" एवढंच हळू म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, खुर्चीत बसून प्रश्न विचारायला काय जातं? तुम्हाला एवढी पडलीय तर एक दिवस स्वतः जा तोंडवलीला, आणि घेऊन या शोधून." पेन्शनरांनी पेपर खाली केले. बाई माझ्यावर रागावल्याही नाहीत. परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत बसल्या.

मी प्रबंधात लिहिलं, "एका वृद्धेच्या सांगण्यानुसार काही विधवांना वाटा मिळत असावा, याला दुसरा दुजोरा मिळाला नाही." एवढं धडधडीत सत्य, आणि ते असं "असावा" म्हणून गेलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं, आणि हे विधान जपून केलंय म्हणून माझं कौतुक केलं. पदवी मिळाली. नोकरी कायम झाली. पेढे घेऊन वाचनालयात जायचं होतं, पण त्याच्या आधीच तापाचं निमित्त होऊन चार दिवसांत बाई गेल्या.

मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. बाईंनी लग्न केलं नव्हतं, धाकट्या भावाकडे राहायच्या. मी कोण ते कळल्यावर तो म्हणाला, "तुमीच ते रापणीचे मास्तर काय?" मग त्यानं कपाटातून एका बाईचा जुना फोटो काढून माझ्या हातात दिला. बाईंची आई. नवरा गेल्यावर ती तोंडवलीला रापणीवर दोर ओढायची. बाई पाच वर्षांच्या झाल्या तेव्हा मामानं सगळ्यांना इकडे आणलं. हा भाऊ तेव्हा पाळण्यात होता.

म्हणजे दुसरी साक्षीदार रोज दुपारी माझ्यासमोर बसली होती. मला इतका राग आला म्हणून सांगू! बोलायचं ना. एवढ्या वणवण भटकणाऱ्या माणसाला एका शब्दानं सांगायचं ना. मी भावाला तसं म्हणालोही.

"मीय तांच सांगलंय तिका," भाऊ म्हणाला. "ती म्हणायची, माका आठवता ता मी बघलंय, की आवशीन सांगल्यान, ता माकाच कळणा नाय."

म्हणून बाई एका रविवारी हा फोटो घेऊन तोंडवलीला गेल्या, त्यानं सांगितलं. माझ्याच त्या आजीकडे. फोटो पुढे करून फक्त एवढंच विचारलं, की ही कोण ते सांगा. आजीनं फोटो उजेडात नेऊन पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाली, "नाय गो. माका याद नाय."

बाई संध्याकाळच्या एसटीनं परत आल्या. फोटो कपाटात ठेवला, जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, म्हणून वेळेवर वाचनालय उघडायला गेल्या.

"वाचनालयात त्या सोमवारी काय झाला कोणाक ठाऊक," भाऊ म्हणाला. "घराकडे इली ती गप गप."

काय झालं ते मला ठाऊक होतं. मी फोटो त्याच्या हातात परत दिला आणि चपला घातल्या.