पावसात टिकणारी पिवळी

देवासाठी शेजाऱ्याची फुलं तोडली तर ती चोरी होत नाही, असं आमच्या गावात सगळेच मानतात. मी जरा जास्तच मानायची. पंधरा वर्षांपूर्वी, माघातल्या गणेशजयंतीला सकाळी मी शेजारच्या इंदूकाकीच्या गडग्यावरून वाकून एकवीस तांबड्या जास्वंदी तोडल्या. त्यातल्या तिघींच्या देठांना निळा दोरा बांधलेला होता. तो मला दिसला नसता तर मूर्खपणा निदान अर्धा झाला असता, पण दिसला. मला वाटलं, काकीनं नवस बोललाय. मग तो देवापर्यंत पोचवायचं पुण्य आपण का सोडायचं? दोऱ्यासकट फुलं गणपतीच्या माथ्यावर ठेवली आणि स्वतःवरच खूश झाले. वय पन्नास, अक्कल पाचाची!

तीन आठवड्यांपूर्वी काकी गेली. तिच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी कालवणासाठी तिसऱ्यांचे शिंपले धूत होते. हात तसेच पाण्यात राहिले… आणि डोळ्यांपुढे तिचा चेहरा येण्याआधी तो निळा दोरा आला.

त्या गणेशजयंतीला काकी आमच्याकडे दुपारच्या आरतीला आली, टाळ्या वाजवता वाजवता मध्येच थांबली, मूर्तीकडे बघत राहिली. मला वाटलं, भक्ती. प्रसाद घेऊन निघताना एवढंच म्हणाली, "मगे खळ्यात ये गो. तुका एक दाखवूचा आसा."

खळ्यात, म्हणजे तिच्या पुढच्या अंगणात, एका कुंडीत काठीसारखं झाड होतं. बंगळूरची पिवळी जास्वंद, फूल बशीएवढं. पण आमच्या पावसात मुळं कुजली आणि माघापर्यंत ती कशीबशी तगली. त्या सकाळी तिचं शेवटचं फूल उमललं होतं. त्यातला पराग काकीनं बारीक कुंचल्यानं तीन तांबड्यांवर टेकवला, ओळखीसाठी दोरा बांधला आणि ती आंघोळीला गेली. तेवढ्यात मी पोचले! गावठी तांबडी सहसा बोंड धरत नाही, काकीचं ते जुनं झाड तेवढं धरायचं. बोंडात बी, बियांतून रोप, आणि रंगानं पिवळं पण पावसाला न भिणारं असं एक झाड आपल्या डोळ्यांदेखत फुलावं, एवढीच त्या बाईची इच्छा.

"बापूस मेलो," कुंडीकडे बोट दाखवत काकी म्हणाली, "आणि पोरां तू गणपतीक घातलंस."

मी रडायला लागले, तर ही हसायला.

भरपाई म्हणून त्या कार्तिकात मी तिच्या खळ्यात चहा करायला गेले. दरवर्षी पाच-सहा जास्वंदवेडे तिथे जमत. डब्यात ओल्या फडक्यावर फुलं ठेवून आणत आणि कुठल्या झाडाची सोयरीक कुठल्याशी यावर भांडत. इन्सुलीचे एक निवृत्त कंडक्टर आपल्या फुलाची रुंदी वितीनं मोजून दाखवत होते. काकीनं फुलाकडे पाहिलंच नाही. फुलासोबत आणलेल्या फांदीची साल नखानं खरवडली, पान उलटं केलं, वास घेतला. "दिसाक बरो तो बापूस चलात. आई मात्र पावसात उभी रवणारी व्हयी." मी चहाची किटली घेऊन तशीच उभी. माझं लग्न ठरवताना मला चालून दाखवायला लावलं, गायला लावलं. पावसात कुणी उभं केलं नव्हतं.

कंडक्टरांकडे तीच पिवळी होती. पुढच्या माघात तिचं एक फूल डब्यात घालून, डबा मांडीवर धरून मी एसटीनं आणलं. या वेळी तांबडीनं बोंड धरलं. दीड वर्षानं पहिल्या रोपाला फूल आलं ते विटेच्या रंगाचं. "फुकट गेला!" मी म्हटलं. काकी भिंग लावून बघत बसली. "रंग आवशीचो. पण पाकळी बघ गो, बापाशीची!" मग त्या विटकरीवर पुन्हा पिवळीचा पराग, मग तिच्या लेकींवर… मधल्या वर्षांत काकीची नजर गेली. कुंचला माझ्या हातात आला. ती बाजूला बसून विचारायची, "टेकलो? वायच झटक त्येका."

यंदा एक रोप आषाढ-श्रावण अंगावर घेऊन उभं राहिलं आणि त्याला फूल आलं. ते वाटीत घालून मी काकीच्या खाटेपाशी नेलं.

"पावसात रवला?"

"रवला."

"रंग?"

"पिवळो."

"खरा सांग."

"पिवळोच… पण कडेक वायच तांबूस आसा."

तिनं फूल गालाला लावलं, पाकळ्या एकेक करून चाचपल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकी, त्या दिवशी ती तीन फुलां रवली असती, तर ह्या तुका बऱ्या डोळ्यांनी बघूक गावला असता."

काकीचं बोट फुलाच्या मधल्या तुऱ्यावर थांबलं होतं.

"ता रवांदे. ह्येका आता आई करतलंस काय बापूस?"