तिकिटाचं धान

मूल गावच्या राइस मिलमध्ये मी वजनकाट्यावर असताना एक पोरगी आली. मागून तिच्या गावची बैलगाडी. ही आपली गाडीपुढे पळतच! थांबली तरी पाय थांबेनात.

"भारताच्या टीममध्ये निवड झाली, भाऊ! क्रॉस कंट्री, शेता-जंगलातून पळाची शर्यत, परदेशात! पण विमानाचं तिकीट आपलंच काढा लागते. म्हणून गावानं धान देल्लं."

मी पोत्यात हात घातला. जाड, बारीक, सगळं एकत्र! मी चिडलोच. "असं भरडलं का तांदूळ तुटून कणी होते, पोरी. भाव पडते. वेगवेगळं काऊन नाई ठेवलं?"

ती हसली. "मंग कोणी किती देल्लं, ते दिसलं असतं ना!"

मजुरीत मिळालेली माझी पायलीभर धानाची पिशवी मी गुपचूप तिच्या पोत्यात ओतली, आणि मगच वजन केलं.