फ्रिजवरचा निबंध

बारावीला मी तत्त्वज्ञान, नीती आणि धर्म असा एक विषय घेतला होता. आवड वगैरे काही नव्हती. त्या तासाला दुसरा पर्याय रसायनशास्त्राचा होता, एवढंच. अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या आमच्या शाळेत हिंदू धर्माचा धडा आला की सगळी तोंडं माझ्याकडे वळायची. मी पाचवीत पुण्याहून आले होते, म्हणजे मला वेद पाठच असणार. बाई विचारायच्या, मी घरी येऊन शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी आईच्या पोटातून शिकून आल्यासारखं सांगायचे.

त्या जानेवारीत सांगलीला आजोबा गेले. बाबांना जाता आलं नाही. त्यांच्या व्हिसाची मुदतवाढ अडकली होती. देशाबाहेर पडलात तर परत येता येईलच असं नाही, असं वकिलाने बजावलं होतं. मला रडू येईल म्हणून मी वाट बघत होते, पण ते आलं नाही. दात काढायच्या आधी हिरडीला इंजेक्शन देतात, तसं आख्खं अंग झालं होतं. शाळेत जात होते, गृहपाठ वेळेवर देत होते.

दहाव्याचा विधी काकांनी फोनवर दाखवला. तिकडे घाटावर सकाळ, इकडे आमची संध्याकाळची पानं वाढलेली. पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्याकडे समजतात, आणि मग नातेवाईक एकेक करून ती ओळखायला लागतात. काकांनी आजीला अंतर देणार नाही म्हणून सांगितलं. आत्याने घर विकू देणार नाही म्हणून सांगितलं. कावळे झाडावर ढिम्म. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या बेताला आले, तेव्हा काका म्हणाले, "दादा, आता तूच बोल. स्पीकरवर टाकतो."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "अण्णा, मी दिवाळीला येतो. आईजवळ महिनाभर राहतो."

काका ओरडले, "शिवला, शिवला!" फोन हलला आणि पडद्यावर नुसतं आभाळ दिसलं. आई डोळे पुसत होती. मी ताक-भात संपवला.

त्याच दुपारी बाबांनी वकिलाची ईमेल आईला वाचून दाखवली होती. "म्हणतोय, डिसीजन येईपर्यंत अजिबात ट्रॅव्हल करू नका. वर्षसुद्धा लागेल, यार." ती मीही ऐकली होती. त्यामुळे बाबा खोटं बोलले, याबद्दल मला शंका नव्हती.

पुढच्या महिन्यात बाईंनी निबंध दिला: खोटं वचन कधी योग्य ठरतं का? मी त्यात बाबांना घातलं. बाबा म्हणून नाही, 'एक मुलगा' म्हणून. पाळता येणार नाही हे ठाऊक असताना त्याने वडिलांना वचन दिलं. पण वडील हयात नसल्यामुळे यात कोणाचंही नुकसान झालं नाही. सबब हे खोटं क्षम्य आहे. चार पानं, मुद्देसूद. इतकं तटस्थ फार कमी मुलं लिहितात, असा शेरा देऊन बाईंनी 'ए' दिला. मला आनंदही झाला नाही आणि लाजही वाटली नाही.

आईची एक पद्धत होती. 'ए' दिसला की कागद फ्रिजला लावायचा. वाचायचा नाही, आत काय लिहिलंय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. निबंध तिथे गेला. बाबा तरी कुठे वाचतात, म्हणून मीही तो काढला नाही.

शनिवारी सकाळी चहाचं आधण ठेवून बाबा दूध काढायला गेले आणि फ्रिजपाशी उभेच राहिले. मी टेबलाशी खात बसले होते. त्यांनी चारही पानं वाचली. तोवर आधण आटून निम्मं झालं.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "एकच मिस्टेक आहे."

"कुठली?"

"त्याला ठाऊक होतं, असं लिहिलंयस. तसं नव्हतं. बोललो तेव्हा मी खरंच जाणार होतो. म्हटलं, नाही येता आलं परत तर नाही. सगळे सांगलीला राहू."

"मग?"

"मग फोन ठेवला. समोर तू जेवत होतीस. तुझं कॉलेज व्हायचं होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी पानं जुळवली, कागद परत फ्रिजला लावला, सरळ लागलाय का ते बघितलं आणि दूध काढलं.

लावताना शेवटचं पान वर आलं होतं. 'यात कोणाचंही नुकसान झालं नाही' या वाक्याखाली बाईंनी हिरवी रेघ मारली होती, आणि शेजारी बरोबरची खूण केली होती.