एकटीची पंगत

मला समुद्र बघायचा होता, म्हणून मी अंदमानची नोकरी घेतली. घरी सांगितलेली कारणंही खोटी नव्हती. सरकारी दवाखाना होता, राहायला खोली होती, नर्सला तिथे मान होता. पण काटोलजवळच्या आमच्या खेड्यात, जिथे जास्तीत जास्त पाणी म्हणजे संत्र्याच्या बागेतली विहीर, तिथे समुद्रासाठी जाते म्हणाले असते तर माझंच डोकं तपासायला नेलं असतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती ती.

नेमणूक झाल्याचं कळलं तेव्हा बाबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "काळ्या पाण्यावर कैदी जातात. माह्या पोरीनं कोनता गुन्हा केला?" त्यानंतर त्यांच्या तोंडाला कुलूप. मला काही सांगायचं असलं की ते गाईला सांगायचे. "हिले म्हना, कंदील बारीक कर. रॉकेल काय फुकट येते?" गाय बिचारी कान हलवायची आणि मी कंदील बारीक करायची. मीही त्यांचीच मुलगी. मीही गाईलाच सांगायची, "यायले म्हना, वाचून राहिले मी." असा आमचा संसार महिनाभर चालला. वरवर मी हसायची, पण रात्री अंथरुणात माझा जीव तुटायचा. बाबांनी एकदा जा म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

आमच्या घरची रीत अशी की लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याच्या उजव्या तळहातावर घरातला कर्ता माणूस दही-साखर ठेवतो. ती चाटायची, उंबरा ओलांडायचा आणि मागे वळून बघायचं नाही. मी नर्सिंगला नागपूरला गेले तेव्हा बाबांनीच ठेवली होती, चांगली पसाभर, कोपरापर्यंत ओघळ गेला होता. या वेळी निघायच्या दिवशी ते उजाडायच्या आत बागेत निघून गेले. माय दह्याची वाटी घेऊन दारात उभी राहिली, पण हात पुढे करेना.

"तूच दे वं," मी म्हणाले.

"तो मान त्यायचा हाय. म्या देल्लं तं त्यायच्या नाकावर टिच्चून देल्ल्यावानी होईन," ती म्हणाली आणि वाटी परत शिंक्यात ठेवून आली. मी कोऱ्या हाताने एसटीत बसले. सगळ्या रस्त्याने मी उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसले होते, हे नागपूर आल्यावर माझ्या लक्षात आलं.

मद्रासची गाडी संध्याकाळची होती आणि मद्रासहून बोट. मधला दिवस नागपुरात काढायचा होता. मी ट्रंक धंतोलीला आत्याकडे, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीकडे टाकली आणि म्हणाले, "जेवायला थांबू नको. मी सदर बाजारातल्या मोठ्या हॉटेलात जेवणार आहे."

आत्या पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "कोनासंग?"

"एकटीच."

"एकटी बाई हॉटेलात बसून खाईन? काहून वं, माह्या हातची पोळी कडू लागते का तुले?"

तिला कारण सांगितलं ते असं. माझी एक मैत्रीण आदल्या वर्षी त्याच बोटीने गेली होती. तिने सांगितलं होतं की वरच्या वर्गाच्या उतारूंना पांढऱ्या चादरीच्या टेबलावर, साहेब लोकांच्या पंगतीत, काटा-सुरीने जेवावं लागतं. सरकारने मला तिकीटही नेमकं तेच दिलं होतं. भर समुद्रात हात दाखवून अवलक्षण करण्यापेक्षा इथेच नागपुरात एकदा हात बसवून घ्यावा, असा माझा हिशोब. आत्या म्हणाली, "मंग इथं बस, झाऱ्यानं आन् उलथन्यानं खाऊन पाह्य." पण जाताना तिनेच माझी वेणी सारखी करून दिली.

ते हॉटेल इंग्रजांच्या वेळचं होतं. शिकत असताना मी त्याच्यासमोरून सायकलने कितीदा गेले असेन, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं ते त्या दुपारी. दारावर पगडीवाला. जिना चढून वर जेवणाचं दालन, उंच छत, सावकाश फिरणारे पंखे, टेबलांवर घड्या घातलेले रुमाल. मी भिंतीजवळचं कोपऱ्यातलं टेबल धरलं. चेहरा मी वॉर्डात ठेवायची तसा ठेवला.

आधी टोमॅटोचं सूप आलं. आणि मी थांबले.

आता हसू येतं. पण आमच्याकडे पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. मग घरचा मोठा माणूस हात जोडून म्हणतो, "होऊ द्या सावकाश," तेव्हा जेवण सुरू होतं. त्याआधी ज्याचा हात पानाला लागला त्याला सात पिढ्यांचा भुकेला म्हणतात. मी बघितलं तर पलीकडच्या टेबलावर अजून काहीच आलं नव्हतं. खिडकीजवळचे दोघे नुसते मेनूत तोंड घालून बसले होते. त्यांना वाढलं नाही, मी कशी सुरू करू? मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सुपावर साय धरली.

पांढऱ्या कोटातला म्हातारा वेटर दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा वाकून हळूच म्हणाला, "कोई आनेवाला है, बाईजी?"

आता याला काय सांगू? होऊ द्या सावकाश म्हणणाऱ्याची वाट बघते आहे म्हणून? लाजून माझी मान आपोआप हलली, आणि ती होकाराची हलली. त्याने लगेच माझ्यासमोर दुसरं ताट मांडलं, काटा, सुरी, रुमाल, सगळं जोडीचं. जाऊन खाली पगडीवाल्यालाही सांगून आला की कोपऱ्यातल्या बाईंकडे माणूस यायचा आहे. मी त्या रिकाम्या ताटाकडे बघत बसले आणि मला रडू यायला लागलं. जगात माझ्याकडे यायचं असं त्या दिवशी कोणी नव्हतं.

तेवढ्यात जिन्यावर वहाणा करकरल्या. आमच्या गावच्या चांभाराने केलेल्या वहाणांचा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. पगडीवाल्याच्या मागून बाबा वर आले. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, डोक्यावर टोपी, काखेत छत्री. एरवी त्यांना फाटकातूनच परत धाडलं असतं. पगडीवाल्याने मात्र अदबीने माझ्या टेबलाकडे हात केला.

मी उठून उभी राहिले. "बाबा, तुम्ही?"

"तुह्या आत्यानं सांगतलं, इथं हाय म्हनून." ते खुर्ची ओढून बसले. समोरच्या ताटाकडे त्यांनी बघितलं. "हे कोनाचं पान हाय?"

"तुमचंच," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते मी?

त्यांनी काखेतली छत्री खुर्चीला टेकवली. मग गाईशी नाही, माझ्याशी बोलले. "बागेतून घरी आलो तं तुह्या मायनं झाडू नाही लावला, चूल नाही पेटवली. म्हने, तुमी दही देल्लं नाही. पोरगी ना गेली ना राह्यली. आता या घरानं करावं तरी काय? मंग पुढची एसटी धरली."

त्यांनी डोळ्यांवर उपरण्याचं टोक दाबलं आणि उन्हाला नावं ठेवली. मीही ठेवली.

सगळ्या टेबलांवर वाढून झालं होतं की नाही, मी बघितलं नाही. बाबांनी हात जोडले, आजूबाजूच्या अनोळखी लोकांकडे एकदा नजर फिरवली आणि खड्या आवाजात म्हणाले, "होऊ द्या सावकाश." खिडकीजवळच्या दोघांनी माना वर केल्या. मी पहिला घोट घेतला. सूप पार निवलेलं होतं आणि मला ते फार आवडलं.

मग कटलेट आलं. बाबांनी ते बोटाने दाबून बघितलं. "आलूबोंड्याले चेपलं का काय यायनं?" मी काटा-सुरीने कसं खायचं ते दाखवायला गेले आणि कटलेटचा तुकडा थेट त्यांच्या टोपीवर. ते इतके हसले की खोकला लागला. काटा-सुरी बाजूला ठेवून आम्ही दोघं हाताने जेवलो. माझी तालीम तिथेच बुडाली.

जेवण आटोपल्यावर त्यांनी वेटरला विचारलं, "दही भेटन का गा?" त्याने आणलं ते काकडीचं रायतं, वर जिरं भुरभुरलेलं. नुसतं दही नव्हतंच त्यांच्याकडे. बाबांनी वाटी जवळ ओढली. चमच्याने काकडीचे तुकडे एकेक करून बाजूला केले, जिरं निपटलं. कॉफीसोबत आलेल्या साखरेच्या चौकोनी वड्यांतली एक उचलून, फिरवून बघितली.

"हात कर," ते म्हणाले.

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी त्यावर दही ठेवलं, दह्यावर ती वडी ठेवली, आणि माझा हात खालून आपल्या हाताने धरून ठेवला. "जा बाई," ते म्हणाले. वडी विरघळायला तयार नव्हती. खारट दही चाटून मी ती कडाकडा चावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वाहू दिलं.

मी उठले. जिन्याच्या तोंडाशी आले आणि सवयीने मान वळायला लागली. ते माझ्यामागेच होते.

"मांगं पाहू नको," बाबा म्हणाले. "मी आहो मांगं."

मी समोर बघत पायऱ्या उतरले. मागून वहाणा करकरत येत होत्या.